नाव भाड्याने देणे नाही

व्यासपीठावर थर्माकोलचा चुरा पडला होता. तो शिबिर घेणाऱ्या सरांनी स्वतः केला होता, आमच्या डोळ्यांदेखत. थर्माकोलची अख्खी शीट मोडली, कुस्करली, वर कागदाचे कपटे उधळले आणि हात झटकत म्हणाले, "समजा, हा तुमचा कारखाना."

सभागृह हसलं.

कारखान्यातल्या टापटिपीचे नियम शिकवायचे होते. नको ते बाजूला काढा, हवं ते जागेवर ठेवा, सफाई करा, असे. एकेका नियमाला सर एकेकाला वर बोलवत होते. पहिला गेला तो भोसरीचा स्प्रिंगवाला. दुसरा रबराचे सुटे भाग बनवणारा. मग सरांनी चष्म्यावरून रांगांवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. शोधत आली नव्हती ती. मी कुठे बसलेय ते तिला माहीत होतं.

"सफाईला आपण या," सर म्हणाले. "आपल्याला काही शिकवावं लागणार नाही."

पुन्हा हसू. या वेळी जरा दबकं. ज्यांना कळलं ते हसले. ज्यांना कळलं नाही ते शेजारचा हसला म्हणून हसले.

माझ्या हातात झाडू आला. लांब दांड्याचा नाही, वाकून मारायचा. मी चांगली साडी नेसून गेले होते, खांद्याला पिन लावून. वाकले. थर्माकोलचा चुरा मोठा हलकट असतो, झाडावा तितका उडतो, झाडूलाच चिकटून बसतो, साडीला चिकटतो. मी तो गोळा करायला खाली बसले आणि हाताने वेचायला लागले. पहिल्या रांगेतून शिबिर भरवणाऱ्या संस्थेच्या मॅडम मोबाइलवर फोटो काढत होत्या. सर माईकवरून म्हणाले, "बघा, हात कसा सफाईदार आहे." कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

चहाच्या सुट्टीत सर स्वतः कागदी कप घेऊन माझ्यापाशी आले.

"राग नाही ना आला? खेळीमेळीत चाललंय सगळं."

"नाही सर," मी म्हणाले.

त्या 'नाही सर'ची चव अजून माझ्या जिभेवर आहे. जळक्या तेलासारखी. झाडू मारल्याचं मला काही नाही, माझ्या शेडमध्ये रोज सकाळी मीच झाडते. पण मला वर कशासाठी बोलावलंय हे मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि तरी मी हसून त्यांच्या हातचा चहा घेतला. त्याची शिसारी येते.

सरांचं नाव मी लिहीत नाही. भीती म्हणून नव्हे. नाव लिहिलं की वाचणारा सुटतो. म्हणतो, एक माणूस वाईट होता. ते वाईट नव्हते. एका मोठ्या कंपनीत खरेदी विभागाचे प्रमुख होऊन निवृत्त झालेले, कर्वेनगरला राहणारे, सगळ्यांना अहोजाहो करणारे, वेळेच्या आधी पाच मिनिटं हजर असणारे गृहस्थ. माझ्याशी एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी ओळखी झाल्या तेव्हाची गोष्ट. प्रत्येकाने उठून कंपनीचं नाव सांगायचं आणि काय बनवतो ते. मी सांगितलं, वारज्यात माझी शेड आहे, आम्ही हार्नेस बनवतो. गाडीच्या किंवा मशीनच्या पोटात वायरींचा जो जुडगा असतो, प्रत्येक वायर मापात कापलेली, टोकं दाबलेली, सगळ्या मिळून टेपने बांधलेल्या, तो हार्नेस. सरांनी बाकी कुणाला आडनाव विचारलं नव्हतं. मला विचारलं. सांगितलं. तेवढ्याने भागलं नाही. मूळ गाव कुठलं? तेही सांगितलं.

"गावात घर कुठल्या बाजूला?"

पुण्यात जात कुणी विचारत नाही. पुणं सुसंस्कृत आहे. पुण्यात बाजू विचारतात.

"आम्ही बौद्ध आहोत, सर." म्हटलं, त्यांना कशाला एवढ्या गल्ल्या फिरायला लावा.

"अच्छा, अच्छा," सर म्हणाले. "उत्तम. इथे सगळ्यांना संधी आहे."

संधी. या शब्दासाठीच मी तिथे गेले होते.

मांजरीच्या पुढे, सोलापूर रस्त्याच्या अंगाला विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा नवा कारखाना उभा राहतोय. उसाच्या शिवारात पत्र्याचं कुंपण पडलं, क्रेन आल्या. मोठा कारखाना एकटा येत नाही. त्याला खोकी लागतात, नट लागतात, रबर लागतं, वायरी लागतात. तो माल आसपासच्या लहान उद्योगांनी पुरवावा, आणि त्यासाठी त्यांना आधी तयार करावं, म्हणून या संस्थेने शिबिर ठेवलं होतं. फुकट. बारीक तपासणी कशी होते, माल नाकारला जाऊ नये म्हणून काय करायचं, दर कसा द्यायचा, सगळं शिकवणार. शेवटी प्रदर्शन, आणि प्रदर्शनाला कारखान्याचे खरेदी अधिकारी येणार. मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय.

वायरी मला आप्पांनी शिकवल्या. आप्पा म्हणजे माझे वडील, बस डेपोत इलेक्ट्रिशियन होते. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, गावची कामं सोडली आणि पोराला शिकायला शहरात धाडलं. आप्पांच्या खिशात कायम तांब्याच्या तारेचे तुकडे असायचे. मी डिप्लोमा केला, दुसऱ्यांच्या कारखान्यात राबले, मग लग्नानंतर घरातल्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. आई शेजारी बसून टेप गुंडाळायची. आई गेली तेव्हा मी शेड भाड्याने घेतली आणि कंपनीला तिचं नाव दिलं. आता शेडमध्ये आठ बायका काम करतात. पंपवाले, चक्कीवाले, कंट्रोल पॅनलवाले आमच्याकडून माल घेतात. छोटं काम. पण परत आलेला माल फार कमी.

शिबिरावरून आले की सुनंदाताई विचारायच्या, आज काय शिकवलं. त्या माझ्याकडे पहिल्यापासून आहेत, माहेर मांजरीकडचं. झाडूच्या दिवशी मी म्हटलं, तयारी कशी करायची ते शिकवलं. त्या हार्नेस बांधायच्या फळीवर वायर ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आन् आपन काय न्हाय का तयार? कवाधरनं तयारच हाय की."

मी शिबिर सोडलं नाही. पुढचे सगळे दिवस जाऊन बसले, लिहून घेतलं. मला ते काम हवं होतं. अपमान गिळला तर काम मिळतं असं आमच्या घरात दोन पिढ्या ठरलेलं होतं.

मग सर आणि मॅडम माझी शेड बघायला आले.

मॅडम संस्थेच्या कार्यवाह. हसतमुख बाई, सुती साड्या, मोठं कुंकू. दारातून आत आल्या आणि पदर नाकाला लावला. शेडमध्ये वास कसला? नव्या वायरीचा. प्लास्टिकचा. असलाच वास कुठल्याही हार्नेसच्या कारखान्यात येतो, आणि तिथे त्या पदर लावत असतील असं मला वाटत नाही. खुर्ची दिली तर म्हणाल्या, नको, उभीच बरी आहे, पाठ धरलीय. सर फिरले, फळ्या पाहिल्या, मापं पाहिली, मान डोलावली. मग भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. खाली रोज कुणीतरी फूल ठेवतं.

सर हळूच म्हणाले, "हे इथे असायलाच हवं का? बाहेरच्या देशातले लोक येतात तपासणीला. त्यांना वातावरण तटस्थ आवडतं."

शिबिराच्या सभागृहात सरस्वतीची तसबीर होती, हार घातलेली, समई लावलेली. शिबिरात दाखवलेल्या एका आदर्श कारखान्याच्या फोटोत मधोमध सत्यनारायणाची पूजा मांडलेली होती. तेव्हा सर म्हणाले होते, याला म्हणतात कामाच्या जागेचे संस्कार. तटस्थ कुणी व्हायचं ते ठरलेलं असतं.

सुनंदाताईंनी चहा आणला. सरांनी हात जोडले. "मी बाहेरचं काही घेत नाही." पाणी दिलं, तर पिशवीतली स्वतःची बाटली दाखवली. मॅडमनी कप हातात घेतला आणि टेबलावर ठेवला. तो तसाच राहिला. साय धरली त्याच्यावर.

ते गेले आणि टेबलावर सरांची छत्री राहिलेली दिसली. मी ती घेऊन धावत रस्त्यापर्यंत गेले. कोपऱ्यावरच्या टपरीवर सर उभे होते. एका हातात काचेचा ग्लास, दुसऱ्यात वडापाव. टपरीवाला एकाच बादलीत सगळे ग्लास बुचकळत होता. मला पाहिल्यावर सरांनी ग्लास खाली ठेवला.

"साखर आहे मला," ते म्हणाले. "पण मोह आवरत नाही."

मी छत्री दिली. त्यांनी ती दांड्याच्या टोकाला धरून घेतली.

परत आले तेव्हा सुनंदाताई तो साय धरलेला चहा मोरीत ओतत होत्या. मी मोरीवर जाऊन तोंड धुतलं.

त्यानंतर काही दिवसांनी मला कर्वेनगरला संस्थेच्या कार्यालयात बोलावलं. सर होते, मॅडम होत्या, आणि एक साहेब होते. साहेबांचा हार्नेसचाच कारखाना आहे, माझ्या शेडसारख्या पन्नास शेड त्यात मावतील. त्यांचे आजोबा, वडील, सगळे उद्योगात. मला वाटलं, कामाचा एखादा भाग आम्हाला देणार असतील. मोठे लोक देतात असं खाली जोडकाम. मी मनात दर जुळवत गेले होते.

साहेब थेट बोलले. नव्या कारखान्याच्या परदेशातल्या मालकांचा नियम आहे, काही खरेदी मागासवर्गीयांच्या आणि बायकांच्या उद्योगांकडून झालीच पाहिजे. "तुम्ही दोन्ही आहात," ते म्हणाले. जणू मी दुकानात एकावर एक फुकट मिळणारी वस्तू. तेव्हा ऑर्डर माझ्या कंपनीच्या नावावर घ्यायची. माल साहेबांच्या कारखान्यात बनणार. माझ्या शेडमध्ये नुसता यायचा, त्याच्यावर माझ्या कंपनीचं लेबल लागायचं आणि पुढे जायचा. दर महिन्याला मला घरबसल्या काहीतरी मिळत राहणार.

मी विचारलं, "आणि माझ्याकडच्या बायका?"

"लेबलं चिकटवायला लागतीलच की कुणीतरी," साहेब म्हणाले.

मी सरांकडे पाहिलं. हेच सर शिबिरात गुणवत्तेवर बोलायचे, माल जो बनवतो त्याने त्याची जबाबदारी घ्यावी असं सांगायचे. सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, हा कोटा शेवटी तुमच्यासाठीच आहे. आम्ही तो वाया जाऊ देत नाही, इतकंच."

मी म्हटलं, "सर, माझा माल तपासा ना. शिबिरात तुम्हीच पास केलाय."

"तुमचा माल चांगला आहे," सर म्हणाले. "पण एवढ्या मोठ्या कामाला घराणं लागतं. अनुभव लागतो. तुमची पहिलीच पिढी."

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. शेडमध्ये भरला कप तसाच खाली ठेवणारा हात. म्हणाल्या, प्रदर्शनाच्या दिवशी आपली यशोगाथा म्हणून तूच बोलायचंस. 'तुम्ही'वरून त्या 'तू'वर कधी आल्या मला कळलं नाही. भाषण सर लिहून देणार होते. दिलंही. मी ते जिन्यातच वाचलं. त्यात होतं, मी काहीच नव्हते, या मान्यवरांनी मला घडवलं.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. विचार करून सांगते म्हणाले आणि त्यांनी ते हो धरलं. आमच्यासारख्यांनी विचार करून दुसरं काय निघणार, असं त्यांना वाटलं असावं.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं आप्पा पेटून उठतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घेऊन टाक. तुझी मुलं कॉलेजात जातील आता. मोठ्या माणसांशी वाकडं घेऊन आपलं कधी भलं झालंय?" डेपोत असताना त्यांनी जळालेल्या बसचं सगळं वायरिंग नव्याने टाकलं होतं आणि शाबासकी सुपरवायझरने घेतली होती, ती गोष्ट त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा सांगितली. रागाने नाही. असंच असतं, या अर्थाने. मला त्यांची कीव आली नाही. मला भीती वाटली. मी उद्या माझ्या मुलीला हीच गोष्ट याच आवाजात सांगेन, याची.

शेडमध्ये मी बायकांना जमवून सांगितलं. लपवण्यासारखं नव्हतं, लेबलं त्यांनाच लावायची होती. मग सुनंदाताई म्हणाल्या, "ताई, म्हंजी आमी उंद्यापास्नं काय करायचं? दुसऱ्याच्या पोराला आपलं नाव द्यायचं?"

मी फळीपाशी गेले आणि अर्धा राहिलेला हार्नेस बांधायला घेतला.

प्रदर्शनाचा दिवस आला. मॅडमचा निरोप होता, तुझ्या बायकांना एका रंगाच्या साड्यांत आण, फोटो चांगले येतात. मी बायकांना म्हटलं, जे नेसायचं ते नेसून या. आल्या. कुणी पिवळी, कुणी हिरवी, सुनंदाताई त्यांच्या नेहमीच्या निळ्या साडीत. मी त्या क्षणापर्यंत सरांना काय सांगायचं ते ठरवलेलं नव्हतं. खोटं कशाला सांगू. पायऱ्या चढताना माझं अर्धं मन अजून आप्पांच्या बाजूने होतं.

माझ्या कंपनीच्या नावाचा स्टॉल सजवून तयार होता. मी न सजवता. वर आईचं नाव, मोठ्या छापील अक्षरांत. मागे माझा फोटो. कोणता फोटो? झाडू घेऊन वाकलेला. खाली ओळ होती, 'स्वच्छतेतून उद्योगाकडे'.

सुनंदाताईंनी तो फोटो पाहिला. त्यांना झाडूची गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली. त्या नजर काढून घेण्याने मी आतून सोलून निघाले.

टेबलावर हार्नेस मांडले होते. चकचकीत, नवे. प्रत्येकावर आमचं लेबल. सुनंदाताईंनी एक उचलला, बोटांत फिरवला.

"ताई, ह्यो आपला न्हाय."

"नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात सर आले, साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर नव्या कारखान्याची खरेदी अधिकारी. तरुण मुलगी, गळ्यात ओळखपत्र, पुण्याचीच असावी. सरांनी ओळख करून दिली, या आमच्या शिबिराच्या स्टार, अतिशय मागास परिस्थितीतून वर आल्या. मुलगी मोकळं हसली. टेबलावरचा हार्नेस हातात घेऊन म्हणाली, "वॉव, फिनिशिंग खूप छान आहे, मॅम. हे तुमच्या इथेच बनलंय का सगळं?"

"हो हो," सर म्हणाले. "या बायकांनीच."

प्रश्न मला होता. उत्तर त्यांनी दिलं. आणि तेवढ्यात माझ्यातलं ते अर्धं मन गळून पडलं. काही वीज चमकली नाही. फक्त घाण वाटली. इतकी, की आता या माणसांबरोबर एका बाजूला उभं राहणं अंगाला सोसेना.

"नाही," मी म्हणाले. "हे आम्ही बनवलेलं नाही. हा या साहेबांचा माल आहे. नाव माझ्या आईचं लावलंय, मला न विचारता."

आणि मी लेबल काढायला लागले. एकेका हार्नेसवरचं. लेबल चिवट होतं, नखांनी खरवडावं लागत होतं. सुनंदाताई पुढे झाल्या. मग बाकीच्या. आम्ही नऊ जणी त्या टेबलाभोवती उभ्या राहून लेबलं खरवडत होतो आणि आजूबाजूचे स्टॉल गप्प झाले होते.

साहेब फोनवर बोलत दूर गेले. मॅडम म्हणत होत्या, अगं गैरसमज होतोय, आपण आत बसून बोलू. सर माझ्या अगदी जवळ आले. आवाज तसाच मऊ.

"म्हणूनच तुम्हा लोकांना पुढे आणणं अवघड जातं," ते म्हणाले. "उपकाराची जाण नसते."

"उपकार नव्हता तो, सर," मी म्हटलं. "तुम्ही माझी जात भाड्याने मागत होता. एरवी तिच्या हातचं पाणी चालत नाही तुम्हाला."

सरांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. राग नव्हता तो. एखादी वस्तू अचानक बोलावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मागचा फोटो काढला. फाडला नाही. गुंडाळी करून काखेत घेतला आणि आम्ही बाहेर पडलो. खरेदीवाली मुलगी दारापर्यंत आली. म्हणाली, "मॅम, आय ॲम सो सॉरी. मी वर कळवते हे." तिचा चेहरा खरोखर पडला होता. मी तिला माझं कार्ड दिलं.

तिने कळवलं असेल. नसेलही. मी पाठवलेल्या दरपत्रकाला कारखान्याकडून एका ओळीचं उत्तर आलं, सध्या आवश्यकता नाही. चौकशी झाली नाही. संस्था पुढच्या शिबिराची तयारी करतेय. आणि माझ्याबद्दल पुण्यातल्या आमच्या धंद्याच्या लहानशा वर्तुळात जे पसरायचं ते पसरलं. भांडखोर बाई. सगळ्यात जातच आणते. एका पंपवाल्याने काम बंद केलं, कारण विचारलं तर म्हणाला, आम्हाला राजकारण नको. दोन बायकांना मला काही महिने घरी बसवावं लागलं. आप्पांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, पण जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. जिंकल्याची गोष्ट सांगत नाहीये मी.

साहेबांना ऑर्डर मिळालीच. नाव दुसरं शोधलं त्यांनी. फार लांब जावं लागलं नाही. त्यांच्याच गाडीच्या ड्रायव्हरची बायको. आमच्यातलीच. वारज्यात टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत राहते. ती आता कागदावर एका कंपनीची मालकीण आहे.

मी तिच्याकडे गेले. विशीतली पोर, कणीक मळत होती. मी कोण ते सांगितलं, तर हात धुऊन तिने आधी मला पाणी दिलं. मी विचारलं, तुझी कंपनी कशी चाललीय? ती हसली, कसली कंपनी? साहेबांनी बँकेत नेलं होतं, सही घेतली, नवऱ्याचा पगार वाढवला. एवढंच तिला माहीत. मी सगळं समजावून सांगितलं. कर भरायचा राहिला तर नोटीस तुझ्या नावाने येईल, माल सदोष निघून कुणी मेलं तर पोलीस तुझ्या दारात येतील, साहेबांच्या नाही. नवरा आतून आला. वाईट नव्हता तो, घाबरलेला होता. म्हणाला, "ताई, आमचं बरं चाललंय. तुम्ही परत येऊ नका."

मी उठले. ती दारापर्यंत सोडायला आली. आतल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "खरंच माझी हाय का ती कंपनी?"

"कागदावर तुझीच आहे," मी म्हटलं. "पूर्ण तुझी."

तिने दार लावलं. पण लगेच नाही.

मी परत जाणार आहे. नवरा घरी असताना जाणार आहे, समोरून. पहिल्यांदा हाकलतील, दुसऱ्यांदा हाकलतील. जाणार आहे. ती आली तर तिला माझ्या शेडमध्ये आणून वायर कशी कापायची, टोक कसं दाबायचं, दर कसा लावायचा, कर कसा भरायचा हे शिकवणार आहे. तिच्यासारख्या आणखी आहेत. साहेब एकटे नाहीत, आणि बायका शोधायला त्यांना फार लांब जावं लागत नाही. मलाही लागणार नाही. ज्यांची नावं उचलली गेलीत त्या एकेकीला मी शोधून काढणार आहे. मग एक दिवस ती पोर साहेबांच्या कारखान्याच्या फाटकावर उभी राहील आणि सांगेल, मी मालकीण आहे, माझ्या नावाने काय विकताय ते मला बघायचंय. रखवालदार तिला अडवेल. साहेबांना बाहेर यावं लागेल.

तेव्हा मी तिच्या शेजारी उभी असणार आहे, आणि आम्ही तिथून हलणार नाही.